बौद्ध लेखनपरंपरेतील मंगलचिन्हे व विरामचिन्हे : शिलेपासून संगणकापर्यंत

प्राचीन बौद्ध लेखांचा अभ्यास करताना आपले लक्ष अक्षरांवर खिळलेले असते. अक्षरांच्या आधी, मध्ये आणि अखेरीस जी चिन्हे येतात त्यांची दखल सहसा घेतली जात नाही. जुन्नर परिसरातील लेण्यांमध्ये काही दानलेखांच्या आरंभी वा शेवटी स्वस्तिक आणि त्रिरत्न कोरलेले दिसते. परंतु तोच लेख देवनागरीत उतरून पुस्तकात छापला गेला की ही चिन्हे बहुधा गळून पडतात. दात्याचे नाव राहते, गावाचे नाव राहते, दानाची वस्तू राहते. चिन्हे मात्र ‘नक्षी’ या एका शब्दात निकालात निघतात. शिल्पी व लहिये यांनी ज्या खुणा हेतुपुरस्सर घातल्या त्या केवळ शोभेच्या होत्या, हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. आज हे ग्रंथ व लेख संगणकावर उतरवले जात आहेत. एखादे चिन्ह अक्षर आहे की नक्षी, हा निर्णय आता टंकलेखकाच्या मर्जीवर राहिलेला नाही. त्याला क्रमांक आहे की नाही, यावर ते टिकणार की नाहीसे होणार हे ठरते. म्हणून या चिन्हांचा इतिहास आणि त्यांची संगणकीय नोंद यांचा एकत्रित विचार येथे केला आहे.

प्रारंभ सम्राट अशोकाच्या लेखांपासून करणे उचित होईल. आज ज्याला आपण विरामचिन्ह म्हणतो ते या लेखांत जवळजवळ नाही. तोपरा येथून चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने दिल्लीला आणलेल्या स्तंभावर शब्दांच्या वा शब्दसमूहांच्या मध्ये मोकळी जागा सोडलेली दिसते. डेहराडूनजवळील कालसीच्या शिळेवर काही भागांत उभ्या रेघा आढळतात. पुढे जो ‘दंड’ म्हणून सर्व भारतीय लिप्यांत रूढ झाला, त्याचा हा फार जुना पुरावा होय. लोकांना वाचून दाखवण्यासाठी कोरलेल्या लेखात कुठे थांबावे हे सांगणारी रेघ असावी, यात नवल नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीची किल्ली शोधली तीदेखील शेवटाच्या जागेवरून. सांचीच्या अनेक छोट्या लेखांची अखेर त्याच दोन अक्षरांनी होते हे त्याने हेरले आणि ती अक्षरे ‘दानं’ अशी असावीत, असे अनुमान केले. लेख कुठे संपतो हे दिसत होते म्हणून तो काय म्हणतो हे कळले.

नंतरच्या शतकांत ब्राह्मी लेखांमधील या खुणांची संख्या वाढत गेली. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत ब्राह्मीला २०१० साली, आवृत्ती ६.० मध्ये, स्थान मिळाले. त्यासाठीचा प्रस्ताव स्टेफान बाउम्स आणि अँड्र्यू ग्लास यांनी २००७ साली मांडला होता. त्यानुसार ब्राह्मीची सात विरामचिन्हे स्वतंत्रपणे नोंदली गेली : दंड, दुहेरी दंड, बिंदू, दुहेरी बिंदू, आडवी रेघ, चंद्रकोरीची रेघ आणि कमळ. यांतील वर्गवारी लक्षात घेण्याजोगी आहे. दंड व दुहेरी दंड वाक्यांश आणि गाथा वेगळ्या करतात. बिंदू व रेघ यांच्याकडे त्याहून लहान घटक आहेत. चंद्रकोर आणि कमळ मोठे विभाग तोडतात. म्हणजे ज्या कमळाला आपण सजावट समजत होतो ते आजच्या भाषेत प्रकरणाच्या समाप्तीचे चिन्ह आहे. पाठातून कमळ काढून टाकणे म्हणजे दोन प्रकरणे एकमेकांना जोडणे होय.

गांधार देशात प्रचलित असलेल्या खरोष्ठीची हकीकत अशीच आहे. तिला ब्राह्मीच्या आधी, २००५ साली, युनिकोडमध्ये प्रवेश मिळाला आणि तिची नऊ विरामचिन्हे नोंदली गेली. त्यांत बिंदू, लहान वर्तुळ, मोठे वर्तुळ, चंद्रकोर, कमळ आणि ‘मंगलम्’ नावाचे एक चिन्ह आहे. १८९२ साली खोतानजवळ धम्मपदाची भूर्जपत्रावरील खरोष्ठी प्रत सापडली. तिचे तुकडे पॅरिस आणि सेंट पीटर्सबर्ग येथे विभागले गेले आणि १९६२ साली जॉन ब्रॉ यांनी तिची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. या प्रतीत गाथेच्या अखेरीस वर्तुळाची खूण येते. पाली धम्मपद आणि हे गांधारी धम्मपद यांच्या वर्गांचा क्रम एकसारखा नाही, गाथाही सर्वत्र जुळत नाहीत. अशा वेळी एक गाथा कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे त्या लहियाने स्वतः सांगून ठेवले असणे, ही अभ्यासकाच्या दृष्टीने अमोल गोष्ट आहे. १९९४ साली ब्रिटिश लायब्ररीकडे भूर्जपत्रांच्या खरोष्ठी गुंडाळ्या आल्या आणि १९९६ पासून वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड सॅलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे पद्धतशीर वाचन सुरू झाले. युनिकोडमधील खरोष्ठीचा प्रस्ताव ग्लास, बाउम्स आणि सॅलोमन यांनीच तयार केला. हस्तलिखिते वाचणाऱ्यांनी चिन्हांची मागणी केली म्हणून चिन्हे आली.

या सर्व चिन्हांत आपल्या दृष्टीने सर्वांत अधिक विचार करण्यासारखे चिन्ह म्हणजे ‘सिद्धम्’. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा लेख, तसेच वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या काळातील लेख या शब्दाने सुरू होतात. कान्हेरीच्या कित्येक लेखांतही तो आरंभी येतो. हे शब्दरूप होते. अक्षरे स्पष्ट कोरलेली असत. गुप्तकाळाच्या सुमारास मात्र शब्दाच्या जागी एक वळणदार चिन्ह येऊ लागले. डावीकडे समासात, पहिल्या ओळीच्या आधी, शंखाच्या वळशासारखी एक आकृती. पुढे ताम्रपटांत, मूर्तींच्या पादपीठांवर आणि पोथ्यांच्या पहिल्या पानावर ती सर्रास दिसू लागली.

एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील बहुतेक पुरालेखतज्ज्ञांनी ही आकृती ‘ॐ’ अशी वाचली. ग्रंथांच्या छापील पाठांत तिच्या जागी सरळ ‘ॐ’ छापले गेले आणि त्यावरून लेखाच्या प्रारंभी प्रणवाचा उच्चार केला आहे, असे निष्कर्ष निघू लागले. दिनेशचंद्र सरकार यांनी या वाचनाला हरकत घेतली. जुन्या लेखांत ज्या जागी ‘सिद्धम्’ हा शब्द येतो नेमक्या त्याच जागी पुढे हे चिन्ह येते. तेव्हा ते ‘सिद्धम्’चेच संक्षिप्त रूप होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. गुस्ताव रोथ यांनी १९८६ साली बौद्ध संस्कृत हस्तलिखितांतील व कोरीव लेखांतील मंगलचिन्हांचा स्वतंत्र परामर्श घेतला. दुसऱ्या बाजूचा पुरावाही नजरेआड करून चालणार नाही. इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरूनीने लिहून ठेवले आहे की येथील लोक ग्रंथारंभी ओमची आकृती काढतात आणि ती आकृती अक्षरांची बनलेली नसते. म्हणजे त्याच्या काळापर्यंत निदान काही लोक हे चिन्ह ‘ओम’ म्हणून वाचत होते. चिन्ह एकच राहिले आणि त्याचा उच्चार काळाच्या ओघात बदलला, असे मानण्यास त्यामुळे जागा राहते. मात्र अकराव्या शतकातील उच्चार पाचव्या शतकातील बौद्ध दानलेखावर लादणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही.

‘सिद्धम्’ हा शब्द केवळ बौद्धांचा होता असेही म्हणता येणार नाही. जैनांच्या व राजांच्या ताम्रपटांतही तो आढळतो. अक्षरओळखीच्या पहिल्या पाठालाच ‘सिद्धम्’ म्हणत. चिनी भिक्षू इत्सिंगने सातव्या शतकात भारतातील शिक्षणक्रमाचे वर्णन करताना या पहिल्या पाठाचा उल्लेख केला आहे. ‘ॐ नमः सिद्धम्’ या शब्दांवरून मराठीत ‘ओनामा’ हा शब्द आला हे सर्वांना ठाऊक आहे. गंमत अशी की या ‘ओनाम्या’त ओम राहिला आणि सिद्धम् गळाला! ज्या बहुजनांना शेकडो वर्षे या पहिल्या पाठाच्या पायरीपाशीही फिरकू दिले नाही, त्यांच्या पूर्वजांपैकी कुणी माळी, कुणी सुतार, कुणी लोहार यांनी लेण्यांना दाने दिली. त्यांच्या दानलेखांच्या आरंभी काय कोरले होते हे अचूक कळणे, हा आपल्या इतिहासाचा प्रश्न आहे.

आता संगणकीय नोंदीकडे वळू. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला क्रमांक कळतो. प्रत्येक अक्षराला, अंकाला व चिन्हाला एक क्रमांक दिलेला असतो आणि त्या क्रमांकाला कोणते रूप द्यायचे हे फाँट ठरवतो. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९८८ साली आणि सुधारित स्वरूपात १९९१ साली निश्चित झाले. त्यात दंडाला जागा होती, पण कमळ, पुष्पिका, सिद्धम् यांना नव्हती. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरी इस्कीवरूनच घेतलेली होती आणि ‘ॐ’ हे चिन्ह तीत प्रारंभापासून आहे. सिद्धम्-चिन्हाला देवनागरीत स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २०१५ साली, आवृत्ती ८.० मध्ये. यात कुणाचा कट शोधण्याचे कारण नाही. आधुनिक छपाईत ‘ॐ’ रूढ होते आणि सिद्धम्-चिन्ह रूढ नव्हते, एवढीच त्यामागील हकीकत आहे. परिणाम मात्र व्हायचा तो झाला. सुमारे चोवीस वर्षे जो कोणी जुना पाठ प्रामाणिकपणे संगणकावर उतरवू इच्छीत होता त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या : ‘ॐ’ लिहिणे किंवा काहीच न लिहिणे. ज्यांनी ‘ॐ’ लिहिले त्यांचे पाठ आता शोधयंत्रांत तसेच सापडतात आणि मूळ शिळेवर काय आहे हे पाहायला कुणी जात नाही. आता ‘ए८एफसी’ हा क्रमांक उपलब्ध आहे. तो वापरल्यास चिन्ह चिन्हच राहते आणि वाचन वाचकावर सोपवता येते. अर्थात युनिकोडने त्याला ‘सिद्धम्’ हे नाव दिले हाही एक निर्णयच आहे. पण तो ज्ञात पुराव्याच्या अधिक जवळचा आहे.

देवनागरीची आणखी एक जोड २००९ सालची. आवृत्ती ५.२ मध्ये ‘पुष्पिका’ या चिन्हाची नोंद झाली. पोथीत मजकूर संपल्यावर उरलेली जागा भरण्यासाठी, बहुधा दोन्ही बाजूंना दुहेरी दंड देऊन, हे फूल काढत. पोथीच्या शेवटी लहिया आपले नाव, गाव, तिथी आणि ज्याच्यासाठी नक्कल केली त्याचे नाव लिहितो त्या मजकुरालाही आपण ‘पुष्पिका’च म्हणतो. फूल आणि नोंद यांना एकच नाव असणे सूचक आहे. फूल दिसले की वाचणाऱ्याने समजावे, येथे ग्रंथ संपला आणि माणसाची हकीकत सुरू झाली.

सिद्धम् या नावाची एक पूर्ण लिपीही आहे. भारतात ती लोपली. परंतु चीनमार्गे जपानला गेली. भिक्षू कूकाई ८०६ साली चीनहून परतला तेव्हा त्याने आणलेल्या ग्रंथांबरोबर ही लिपी जपानमध्ये रुजली आणि शिंगोन पंथात ती आजही लिहिली जाते. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून २०१४ साली तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि पुढच्याच वर्षी तिच्यात आणखी चौदा विभागचिन्हे समाविष्ट झाली. त्यांची नावे वाचली तरी मौज वाटते : त्रिशूळ व ठिपक्यांच्या चंद्रकोरी असलेले, किरणांचे, दुहेरी कड्यांचे, सात कोरींचे. इतक्या बारकाव्याने भेद करण्याची काय गरज, असा आक्षेप घेता येईल. पण पोथी कुठल्या परंपरेत नकलली गेली याचा माग अशाच बारकाव्यांवरून लागतो. एकाच ‘नक्षी’च्या क्रमांकात सर्वांना कोंबले असते तर हा माग कायमचा पुसला गेला असता.

इतर बौद्ध देशांतील चिन्हांचा येथे ओझरता उल्लेख पुरे. सिंहली लिपीत वाक्य वा विभाग संपल्यावर ‘कुंडलिय’ नावाचे वळणदार चिन्ह लिहीत. आता तेथे साधा पूर्णविराम आला असून कुंडलिय जुन्या पोथ्यांत उरले आहे. कंबोडियात ग्रंथाच्या आरंभी ‘कोंबड्याचा डोळा’ या नावाचे चिन्ह येते आणि शेवटी ‘कोमूत’. थायलंडमध्ये या दुसऱ्याला ‘खोमुत’ म्हणतात. दोन्ही शब्द ‘गोमूत्र’चीच रूपे होत. नावावरून कुणी गैरसमज करून घेऊ नये. चालत्या बैलाच्या मूत्राची जमिनीवर जी नागमोडी रेघ उमटते तिच्यावरून संस्कृतात ‘गोमूत्रिका’ हा शब्द वळणाच्या आकृतीसाठी रूढ होता. पावित्र्याचा येथे संबंध नाही. तिबेटी लिपीत तर एक अत्यंत उपयुक्त चिन्ह आहे. वाक्याचे शेवटचे एकच अवयवाक्षर पुढच्या ओळीवर गेले तर साध्या दंडाऐवजी ‘रत्नांची रास’ या अर्थाच्या नावाचा अलंकृत दंड लिहितात. हे सुटे अक्षर मागच्या वाक्याचे आहे, हे वाचकाला त्यावरून कळते. ज्याला आपण दागिना म्हणतो तो येथे सरळ वाचनाची सोय करून देतो.

आपल्या रोजच्या व्यवहाराशी निगडित असे चिन्ह म्हणजे धम्मचक्र. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या राष्ट्रध्वजावर सारनाथच्या सिंहस्तंभाचे चोवीस आऱ्यांचे चक्र आले. ध्वजाचा विचार करणाऱ्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. आपल्या नियतकालिकांत, निमंत्रणपत्रिकांत आणि पुस्तिकांत हे चक्र दोन परिच्छेदांच्या वा दोन लेखांच्या मध्ये विभागचिन्ह म्हणून छापण्याची प्रथा आहे. ब्राह्मी पोथीत कमळ जे काम करते तेच हे चक्र आपल्या अंकांत करते. १९९२ साली विंडोज ३.१ या प्रणालीबरोबर ‘विंगडिंग्ज’ हा चित्रांचा फाँट आला. त्यात धम्मचक्र होते. परंतु त्याला स्वतःचा क्रमांक नव्हता. ते उजव्या चौकटी कंसाच्या जागी बसवले होते आणि त्याच्या शेजारी, उलट्या तिरक्या रेघेच्या जागी, ‘ॐ’ होते. कागदावर चक्र उमटे; संगणकाच्या दृष्टीने मात्र तो कंसच असे. फाँट बदलला, फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की चक्र जाऊन कंस उभा राही. त्या काळच्या मराठी फाँटांतही हीच रीत होती. अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी होती.

युनिकोडमध्ये धम्मचक्राला ‘२६३८’ हा स्वतंत्र क्रमांक असून १९९३ च्या आवृत्तीत तो होताच. युनिकोडच्या तक्त्यात ते आठ आऱ्यांचे दाखवले आहे. आर्य अष्टांगिक मार्गाशी ते जुळते. पण आऱ्यांची संख्या क्रमांकाला बांधलेली नाही. फाँट तयार करणाऱ्याने चोवीस आरे काढले तरी क्रमांक तोच राहतो. स्वस्तिकाची नोंद तिबेटी विभागात २००९ साली चार रूपांत झाली : उजवे, डावे आणि ठिपक्यांसह दोन्ही. त्यामुळे जुन्नरच्या लेखातील स्वस्तिक कोणत्या दिशेचे आहे हेही आता पाठात नोंदवता येते.

भ्रमणध्वनीवर मात्र चक्राच्या वाट्याला एक नवे संकट आले. त्याचा समावेश भावचित्रांत, म्हणजे इमोजींत झाल्यामुळे अनेक फोनांवर ते जांभळ्या चौकोनातील पांढऱ्या चित्राच्या रूपात उमटते. गंभीर लेखाच्या मध्ये असा रंगीत चौकोन विसंगत दिसतो, हे सांगायला नको. त्यावर उपाय आहे. चक्राच्या क्रमांकामागोमाग ‘एफई०ई’ हा अदृश्य क्रमांक टाकला की ते साध्या अक्षररूपात दाखवावे, अशी सूचना जाते. सर्व यंत्रे ती पाळतातच असे नाही. तरी लेखात ती असावी.

पाली ग्रंथ देवनागरीत टंकलिखित करणाऱ्यांनी दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली दंडाविषयी. देवनागरीचा दंड ‘०९६४’ आणि दुहेरी दंड ‘०९६५’ या क्रमांकांवर असून बंगाली, गुजराती आदी लिप्यांतही तेच वापरायचे असतात. पुष्कळ टंकलेखक त्याऐवजी कळफलकावरील साधी उभी रेघ मारतात. डोळ्याला फरक दिसत नाही. पण संगणक तिला वाक्याचा शेवट मानत नाही आणि गाथा शोधताना ती हाती लागत नाही. दुसरी ‘पे’विषयी. सुत्तांत पुनरावृत्तीच्या जागी ‘पेय्याल’ दर्शवण्यासाठी ‘पे॰’ लिहितात. त्यातील लहान वर्तुळ हे संक्षेपचिन्ह असून त्याचा क्रमांक ‘०९७०’ आहे. त्याच्या जागी शून्य लिहिले तर तो अंक होतो आणि सुत्तांची क्रमवारी लावणारा प्रोग्राम त्याला संख्या समजतो.

ब्राह्मी, खरोष्ठी आणि सिद्धम् यांचे क्रमांक युनिकोडच्या मूळ पासष्ट हजारांच्या मर्यादेपलीकडे आहेत. जुने प्रोग्राम तेथे रिकामे चौकोन दाखवतात आणि काही जुन्या माहितीकोशांत मजकूर त्या चिन्हापाशीच तुटतो. म्हणून साठवण्यापूर्वी एक कमळ टाकून ते परत वाचता येते का, हे पाहणे शहाणपणाचे ठरेल. लेण्यांतील ज्या चिन्हाला क्रमांक सापडत नाही किंवा ज्याची ओळख निश्चित नाही, त्याच्या जागी चौकटी कंसात साध्या शब्दांत वर्णन लिहावे : ‘त्रिरत्न’, ‘ओळख न पटलेले चिन्ह’, इत्यादी. वगळू मात्र नये.

१९९० च्या दशकातील आपल्या अंकांच्या फाइली आता युनिकोडमध्ये रूपांतरित होत आहेत. अक्षरांचे रूपांतर यंत्र करते. परंतु त्या फाइलीत उजवा चौकटी कंस आला तर तो खरा कंस आहे की धम्मचक्र आहे, हे फाँटची खूण पुसली गेली असल्यास यंत्राला समजण्याचा मार्ग नाही. डावा कंस आधी आलेला नसेल तर संशय घ्यावा आणि छापील अंक काढून त्या पानावर पाहावे.